फैलकाचा खिज्र आणि माहीमचं गोड पाणी

कुवेत शहरापासून वीसेक किलोमीटरवर, आखाताच्या उथळ पाण्यात फैलका नावाचं एक सपाट बेट आहे. त्याच्या वायव्य किनाऱ्यावर, एका लहानशा खाडीजवळ, अल-खिद्र यांचं स्थान होतं. आपल्याकडे यांनाच ख्वाजा खिज्र म्हणतात. मूल होत नसलेल्या बायका होडीतून तिथे जात, नवस बोलत, आणि मूल झालं की नवस फेडायला पुन्हा जात. कुवेतमध्ये आयुष्याची कित्येक वर्षं काढलेले ब्रिटिश अधिकारी हॅरल्ड डिक्सन यांनी आपल्या लेखनात या स्थानाची नोंद केली आहे. १९५८ साली बेटावर उत्खनन सुरू करणाऱ्या डॅनिश मोहिमेतले जेफ्री बिबी यांनीही केली आहे.

हे स्थान पाडलं गेलं, पुन्हा उभं राहिलं आणि अखेर १९७०च्या दशकात जमीनदोस्त झालं. ते पाडावं असा आग्रह धरणारे लोक नास्तिक नव्हते, विज्ञानवादी चळवळीतले कार्यकर्तेही नव्हते. ते पाच वेळा नमाज पढणारे, रोजे ठेवणारे, धर्माच्या बाबतीत अतिशय काटेकोर असे मुसलमान होते. मागायचं ते फक्त अल्लाहकडे, मध्ये कुठल्याही साधुपुरुषाला घातलं की देवाच्या अधिकारात दुसरा वाटेकरी आणल्यासारखं होतं, हे त्यांचं म्हणणं. आणि ज्या बायका तिथे जात होत्या, त्याही तितक्याच श्रद्धाळू. आपण देवाला वाटेकरी आणतोय असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

श्रद्धा असली की चमत्कारावर विश्वास असणारच, असं आपण सहसा धरून चालतो. चमत्कार खोटा ठरला की श्रद्धाही कोसळेल, हेही त्याबरोबर गृहीत असतं. भाविक आणि त्यांचे टीकाकार, दोघांचाही हाच हिशेब असतो. फैलकावर जे घडलं ते या हिशेबात बसत नाही. तिथे एका श्रद्धेनं दुसऱ्या श्रद्धेचं चमत्काराचं ठिकाण मोडलं, आणि त्यानंतर कुवेतमधली श्रद्धा कमी झाली असं काही दिसत नाही. चमत्कार गेला, श्रद्धा राहिली. हे कसं होतं ते नीट समजून घ्यायचं तर त्याच बेटावर थोडं मागे, बरंच मागे जावं लागेल.

खिज्राच्या स्थानाच्या जवळच २००४ पासून कुवेत आणि स्लोवाकिया यांच्या संयुक्त पथकानं उत्खनन केलं. तिथे कांस्ययुगातली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, समुद्रावर जगणाऱ्या माणसांची वस्ती निघाली. तो काळ दिल्मून संस्कृतीचा. मेसोपोटेमिया आणि सिंधू खोरं यांच्यामधला समुद्री व्यापार या दिल्मूनच्या हातून चाले. फैलकावर सापडलेल्या कोरीव लेखांत इन्झाक या दिल्मूनच्या देवाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. सुमेरियन भाषेतल्या एका जुन्या कथेत दिल्मूनची भूमी पवित्र, स्वच्छ आणि निर्मळ आहे, पण तिथे गोडं पाणी नाही. मग एन्की हा जलदेव सूर्याकरवी जमिनीतून गोडं पाणी वर आणवतो, विहिरी गोड होतात, शेतं पिकतात. कथेच्या शेवटी दिल्मूनचं स्वामित्व ज्या देवाला मिळतं, तो हाच इन्झाक. म्हणजे या समुद्रपट्ट्यातला आपल्याला ठाऊक असलेला सर्वांत जुना चमत्कार पाण्याचा आहे.

हा भूगोल डोळ्यांसमोर असेल तर यात नवल वाटत नाही. बहारीनच्या आसपास समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटत. मोती काढणारे पाणबुडे खाली जाऊन कातडी पखाली त्या झऱ्याच्या तोंडावर धरत आणि खाऱ्या समुद्रातून प्यायचं पाणी भरून आणत. अरबस्तानात दूरवर डोंगराळ भागात पडलेला पाऊस जमिनीखालच्या चुनखडीच्या थरांतून हजारो वर्षं झिरपत येतो आणि दाबामुळे समुद्रतळाशी बाहेर पडतो. आज हे सांगता येतं. त्या काळच्या माणसाला एवढंच दिसत होतं की खाऱ्याच्या पोटातून गोड येतंय. ते देवाचं देणं आहे, असं म्हणण्यात त्याची काही चूक होत नव्हती. त्याच्याजवळच्या माहितीत बसणारं तेच एक स्पष्टीकरण होतं.

दिल्मून लयाला गेल्यावर बेटावर ग्रीक आले. अलेक्झांडरनं या बेटाला इकारोस हे नाव दिलं, असं एरियन या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. ग्रीकांनी तिथे तट बांधला, देवळं बांधली. १९३७ साली फैलकावर एक कोरीव दगड सापडला. सोटेलिस नावाच्या अथेन्सच्या माणसानं आणि त्याच्या सैनिकांनी तो झ्यूस, पोसायडन आणि आर्टेमिस यांना अर्पण केला होता. त्यातले झ्यूस आणि आर्टेमिस हे 'तारणारे' म्हणून आवाहन केलेले, आणि पोसायडन तर समुद्राचाच देव. ही माणसं कुठल्या प्रसंगातून वाचली ते दगडावर लिहिलेलं नाही. पण घरापासून इतक्या लांब, अनोळखी समुद्राच्या काठी, सैनिकांनी मिळून तारणाऱ्या देवांचे आभार मानले, एवढं कळतं. पुढे बेटाच्या मध्यावर, अल-कुसूर इथे, ख्रिस्ती वस्ती होती. तिथलं चर्च फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना सापडलं. त्यानंतर इस्लाम आला आणि खिज्राचं स्थान झालं.

इन्झाक, आर्टेमिस, येशू, खिज्र. चार हजार वर्षांत देव, भाषा, धर्म सगळं बदललं. मागणी बदलली नाही. पाणी मिळावं, होडी परत यावी, घरात मूल खेळावं. मला यात सर्वांत लक्षात घेण्यासारखं हेच वाटतं. चमत्कार हा धर्माच्या शिकवणीतून उगवतो असं वाटतं खरं, पण फैलकावर तो माणसाच्या गरजेतून उगवलेला दिसतो, आणि जो धर्म त्या वेळी बेटावर असेल त्याचं नाव त्याला मिळतं.

सोटेलिसच्या दगडावरून प्राचीन ग्रीकांमधलीच एक गोष्ट आठवते. ती सिसेरोनं लिहून ठेवली आहे. डायागोरस नावाचा एक नास्तिक विचारवंत होता. समुद्रातल्या वादळातून वाचलेल्या लोकांनी देवळात लावलेली नवसाची चित्रं मित्रानं त्याला दाखवली आणि विचारलं, आता तरी देवांवर विश्वास ठेवशील की नाही? डायागोरस म्हणाला, बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत? आज संख्याशास्त्रात जी चूक शिकवताना तासभर जातो, ती त्यानं एका प्रश्नात सांगितली. नवस फळला तो माणूस परत येतो, पाटी लावतो, चारचौघांत सांगतो. ज्याचा फळला नाही तो गप्प घरी बसतो. देवळाच्या भिंतीवर फक्त एकच बाजू साठत जाते.

युक्तिवाद बिनतोड आहे. तरीही त्यानं नवस थांबले नाहीत, आणि ते का थांबले नाहीत हे कुवेतच्या समुद्रानं चांगलं दाखवलंय.

तेलाआधीचं कुवेत समुद्रावर जगत होतं. मोसमी वाऱ्यांवर बसऱ्याचा खजूर घेऊन कुवेती जहाजं कराची, मुंबई, मलबारपर्यंत येत आणि इथून सागवान, तांदूळ, मसाले नेत. उन्हाळ्यात मोत्यांचा हंगाम. पाणबुड्याच्या नाकाला चाप, पायाला दगड, कमरेला किंवा हाताशी दोरी, आणि ती दोरी ओढणारा साथीदार वर होडीत. दिवसभर पुन्हा पुन्हा बुड्या मारायच्या. शिंपलं उघडल्यावर आत मोती असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसेच. पाणबुडे नाखव्याच्या कर्जात, नाखवा व्यापाऱ्याच्या कर्जात. १९२५च्या हंगामात आखातात असं वादळ आलं की मोती काढणाऱ्या कितीतरी होड्या माणसांसकट बुडाल्या. जुने कुवेती ते साल बुडण्याचं साल म्हणूनच लक्षात ठेवत. हंगामाच्या शेवटी बायका किनाऱ्यावर जमत, पेटलेल्या खजुरीच्या झावळ्या पाण्यात बुडवत, समुद्राला जणू डागण्या देत आणि आमची माणसं परत कर म्हणून गाणी म्हणत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की प्रशांत महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला होता. तिथले कोळी शांत खाजणात मासे मारताना कसलेही मंत्रतंत्र करत नाहीत, पण खुल्या समुद्रात जाताना विधींचा मोठा पसारा मांडतात, हे त्यानं पाहिलं. खाजणात कौशल्य पुरतं. खुल्या समुद्रात पुरत नाही. जिथे आपलं ज्ञान संपतं आणि धोका संपत नाही, तिथे माणूस विधीकडे वळतो, असं त्यानं १९२५च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडलं. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. नारळी पौर्णिमेला नारळ समुद्राला दिला जातो, विहिरीला नाही.

मालिनोव्स्कीचा सिद्धान्त पुढेही उपयोगी पडतो. १९३८ साली कुवेतला बुरगानमध्ये तेल लागलं, १९४६ साली त्याची निर्यात सुरू झाली. त्याआधी कुवेत शहर प्यायचं पाणी होड्यांतून शत्त-अल-अरब नदीवरून आणत असे. १९५३ मध्ये समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून गोडं पाणी करणारा मोठा प्रकल्प तिथे सुरू झाला. एन्कीनं दिल्मूनला जे दिलं होतं ते आता बाष्पीभवनाच्या टाक्यांतून येऊ लागलं. दवाखाने आले, प्रसूतिगृहं आली. मोत्यांचा धंदा जपानी कृत्रिम मोत्यांनी आधीच मोडला होता. खिज्राचं स्थान १९७०च्या दशकात कायमचं पडलं तेव्हा त्यामागे धर्मशास्त्राचा आग्रह होता, हे खरंच. पण ज्या धोक्यांमुळे लोक तिकडे जात होते, ते धोके तोपर्यंत बरेच ओसरले होते, हेही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. १९९० मध्ये इराकी फौजांनी बेट बळकावून रहिवाशांना बाहेर काढलं. ती गावं पुन्हा पूर्वीसारखी वसली नाहीत.

आता खिज्राच्या मागे समुद्र ओलांडून आपल्याकडे येऊ. सिंधू नदीतल्या सक्कर-बक्करजवळच्या बेटावर त्याचं स्थान आहे. तिथे मुसलमान त्याला जिंदा पीर म्हणत आणि हिंदू उडेरोलाल, म्हणजेच झुलेलाल. फाळणीनंतर उल्हासनगरात आलेल्या सिंधी कुटुंबांनी झुलेलाल बरोबर आणला. माशावर बसलेला, पाण्याचा रक्षक. खिज्राची आपल्याकडची जुनी चित्रंही माशावर उभं असलेल्या हिरव्या वस्त्रातल्या वृद्धाची आहेत. कलेचे अभ्यासक आनंद कुमारस्वामी यांनी १९३४ साली खिज्र आणि जीवनजल यांवर एक मोठा निबंध लिहून हे धागे जुळवून दाखवले.

आणि मग माहीम. मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे कोकणच्या किनाऱ्यावरचे मोठे विद्वान. त्यांनी कुराणावर अरबी भाषेत भाष्य लिहिलं. इब्न अरबी या सूफी तत्त्वज्ञाच्या विचारांचे ते अभ्यासक होते. पण माहीमच्या लोककथेत त्यांची विद्या पुस्तकांतून आलेली नाही. लहानपणी समुद्रकाठी येऊन ख्वाजा खिज्रांनी त्यांना शिकवलं, असं ही कथा सांगते. त्यांच्या दर्ग्याच्या उरुसात मुंबई पोलिसांकडून मानाची चादर चढवली जाते. हिंदू, ख्रिस्ती, पारशी, सगळे तिथे जातात.

याच माहीमला १८ ऑगस्ट २००६च्या संध्याकाळी बातमी पसरली की समुद्राचं पाणी गोड झालंय. हजारो माणसं खाडीकडे धावली. लोक ओंजळीनं पाणी पिऊ लागले, बाटल्या भरून घरी नेऊ लागले, लहान मुलांना पाजू लागले. बाबांचा चमत्कार म्हणून अनेकांनी हात जोडले. मिठी नदी तिथेच समुद्राला मिळते, आणि मिठीत शहराचं किती सांडपाणी येतं हे मुंबईकराला सांगायला नको. पालिकेनं आणि प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाणी पिऊ नका म्हणून कळकळीनं सांगितलं. पावसाळ्याचा जोर, नदीचं आणि खडकांच्या भेगांतून येणारं गोडं पाणी, ओहोटी, आणि हलकं गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर काही काळ तरंगत राहणं, अशी कारणं तज्ज्ञांनी सांगितली. बहारीनच्या पाणबुड्यांच्या ओळखीचाच तो प्रकार.

माहीमच्या त्या रात्रीबद्दल मला काळजी वाटते ती श्रद्धेची नव्हे, पाण्याची. ते पाणी पिणाऱ्या मुलाला कावीळ व्हायची असती, तर पाणी गोड लागलं म्हणून ती टळली नसती. चमत्कार मानणं ही एक गोष्ट आणि तो तपासायला नकार देणं ही दुसरी. पहिली माणसाच्या मनाचा भाग आहे, दुसरीत जीव जाऊ शकतो. महाराष्ट्रानं ही रेषा कायद्यात ओढून दाखवली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. चमत्कार करून दाखवल्याचा दावा करत लोकांना फसवणं, लुबाडणं, त्यांच्यावर दहशत बसवणं हा त्यात गुन्हा आहे. मात्र होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांविषयी सांगणं हा गुन्हा नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. हरिपाठ, कीर्तन, वारी, उरूस यांना त्यानं हात लावलेला नाही. श्रद्धा आणि चमत्काराचा धंदा यांना वेगळं करता येतं, असं या कायद्यानं गृहीत धरलंय, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.

आपल्या संतपरंपरेतही ही विभागणी आहेच. रेड्यामुखी वेद, चालवलेली भिंत, इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या, हे मराठी घरात मूल बोलायला लागल्यापासून ऐकतं. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजय'सारख्या ग्रंथांनी ते घराघरांत नेलं. पण ज्ञानेश्वरीत ज्ञानेश्वर आपल्या चमत्कारांविषयी बोलत नाहीत. आणि नवसानं मुलं होतात या समजुतीवर तुकारामांनी एका अभंगात इतका रोखठोक प्रश्न विचारलाय की आजही तो ऐकताना माणूस दचकतो. ज्यांच्याभोवती चमत्कार गोळा झाले, त्यांनीच नवसाच्या देवघेवीला विरोध केला.

इस्लाममध्ये ही चर्चा फार खोलवर गेली. कुराणात सतराव्या सूरेत एक प्रसंग येतो. मक्केचे लोक पैगंबरांना म्हणतात, जमिनीतून झरा फोडून दाखव, खजूर-द्राक्षांची बाग उभी कर, सोन्याचं घर दाखव, आकाशात चढून जा, मग आम्ही विश्वास ठेवू. त्यावर पैगंबरांना उत्तर सांगितलं जातं ते असं की मी निरोप घेऊन आलेला एक माणूसच आहे. इथे चमत्काराच्या अटीवर श्रद्धा मागणाऱ्यांना नकार मिळतो. पुढच्या धर्मशास्त्रज्ञांनी कुराण हाच पैगंबरांचा मोठा चमत्कार मानला, संतांच्या हातून घडणाऱ्या करामती त्याहून खालच्या पायरीवर ठेवल्या, आणि खरा संत आपली करामत लपवतो असंही अनेक सूफींनी सांगितलं.

१०९५च्या सुमारास इमाम गझालींनी तत्त्वज्ञांवर टीका करणारा आपला ग्रंथ लिहिला. त्यात कापूस आणि आग यांचं उदाहरण आहे. कापसाला आग लागली की तो जळतो, हे आपण पाहतो. पण आगीनंच तो जाळला हे आपल्याला दिसत नाही. आधी आग, मग जळणं, एवढंच दिसतं. जाळणारा ईश्वर आहे, आणि तो नेहमी एकाच रीतीनं वागतो म्हणून आपल्याला नियम असल्यासारखं वाटतं. त्यानं एखाद्या दिवशी रीत बदलली तर तो चमत्कार. पुढे स्पेनच्या इब्न रुश्दनं याला कडक उत्तर दिलं. कार्यकारणाचं नातंच नाकारलं तर ज्ञान कशाचं मिळवायचं, असा त्याचा सवाल होता. दोघेही मुसलमान, दोघेही कायद्याचे पंडित. १७४८ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमनं चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग अशी व्याख्या केली आणि असा भंग सिद्ध करायला कुठलीही साक्ष पुरी पडत नाही असं दाखवायचा प्रयत्न केला. आज आपण वाद घालतो तो बहुधा ह्यूमच्या व्याख्येवर. पण गझालींच्या दृष्टीनं पाहिलं तर रोजचं जळणं आणि एखाद्या दिवशीचं न जळणं, दोन्ही सारखीच ईश्वराची कृती आहेत. ज्याची श्रद्धा अशी असते, त्याला चमत्काराची गरजच उरत नाही. सूर्य रोज उगवतो यातच त्याला पुरेसं मिळतं. खिज्र अजून जिवंत आहे का, यावरही धर्मपंडितांमध्ये वाद होता. चौदाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच्या इब्न तैमिय्यांनी खिज्र केव्हाच मरण पावला असं ठामपणे सांगितलं. फैलकाचं स्थान पाडण्यामागे जो विचार होता त्याची मुळं इथपर्यंत जातात. इमाम नववींसारख्यांचा कल मात्र खिज्र जिवंत आहे असं मानण्याकडे होता. वाद आजही मिटलेला नाही.

कुवेतमध्ये एक ख्रिस्ती उदाहरणही आहे, आणि ते मुंबईशी जोडलेलं आहे. तेलनगरी अहमदीमध्ये १९४०च्या दशकाच्या अखेरीस स्थलांतरित कामगारांमध्ये 'अवर लेडी ऑफ अरेबिया' या नावानं मरियमेची भक्ती सुरू झाली. १९६० मध्ये पोपचे प्रतिनिधी म्हणून येऊन मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांनी त्या मूर्तीला मुकुट चढवला. या भक्तीच्या मुळाशी कुणाला झालेलं दर्शन नाही, पाझरणारी मूर्ती नाही, झरा नाही. घर सोडून वाळवंटात आलेल्या माणसांनी एक आई निवडली, एवढंच. गोव्याची, वसईची, मंगळूरची माणसं तिच्यापुढे मेणबत्ती लावतात. फ्रान्समधल्या लूर्दला १८५८ पासून सात हजारांच्या आसपास रोगमुक्तीचे दावे नोंदले गेले, आणि चर्चनं स्वतःच्या वैद्यकीय तपासणीनंतर त्यांतले सत्तरच्या थोडेच वर चमत्कार म्हणून मान्य केले. म्हणजे चमत्कार नाकारण्याचं सर्वांत मोठं काम तिथे चर्चच करत आलंय.

प्रार्थनेनं रोग बरे होतात का, याची शास्त्रीय चाचणीही झाली आहे. २००६ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन यांच्या पथकानं हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे ठाऊक नसलेल्या दोन गटांपैकी प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के आणि न झालेल्या गटात ५१ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात मात्र हे प्रमाण ५९ टक्के निघालं. आपली प्रकृती इतकी वाईट आहे का, या धास्तीमुळे तसं झालं असावं असा एक अंदाज आहे. अभ्यास प्रसिद्ध झाला, चर्चा झाली, आणि लोक आपल्या आजारी माणसांसाठी प्रार्थना करत राहिले. त्यांना हट्टी म्हणणं मला पटत नाही. आईसाठी दवाखान्याबाहेर बसून प्रार्थना करणारा मुलगा प्रयोग करत नसतो. त्याच्या हातात करण्यासारखं दुसरं काही उरलेलं नसतं, आणि काहीच न करता बसणं त्याला जमत नाही.

पण मग मागितलेलं मिळालं नाही तर काय? डायागोरसचा प्रश्न इथे खरा टोचतो. यासाठी खिज्राची मूळ गोष्ट पाहायला हवी.

कुराणाच्या अठराव्या सूरेत, अल-कहफमध्ये, हजरत मूसा दोन समुद्रांच्या संगमाकडे निघतात. बरोबरचा मासा वाटेत समुद्रात निसटतो, आणि तिथेच त्यांना ईश्वराचा एक ज्ञानी सेवक भेटतो. कुराणात त्याचं नाव नाही. खिज्र हे नाव हदीसमधून येतं. मूसा त्याच्याकडे शिकायला राहू म्हणतात. तो म्हणतो, तुम्हाला धीर धरवणार नाही. मग तो गरीब दर्यावर्दींच्या होडीला भोक पाडतो, एका मुलाला ठार मारतो, आणि ज्या गावानं त्यांना जेवण नाकारलं तिथली पडकी भिंत फुकट बांधून देतो. मूसा तिन्ही वेळा संतापून विचारतात. शेवटी तो कारणं सांगतो. चांगल्या होड्या हिसकावणारा राजा मागून येत होता. मुलाच्या हातून त्याच्या श्रद्धाळू आईबापांना दुःख होणार होतं, देव त्यांना त्याच्याहून चांगलं मूल देईल. भिंतीखाली अनाथांचं धन होतं.

मुलाला मारण्याचा भाग आधुनिक वाचकाला पचत नाही, आणि पचू नये असंच मला वाटतं. भाष्यकारांनीही त्यावर पुष्कळ झगडा केलाय, आणि हे कुणी माणसानं अनुकरण करण्यासारखं नाही असं बजावलंय. पण फैलकावर मूल मागायला जाणाऱ्या बायका ज्याच्याकडे जात होत्या, त्याच्या गोष्टीत मूल मिळणं आणि मूल जाणं दोन्ही होतं. त्या गोष्टीत खिज्र सामर्थ्य दाखवत नाही. आपल्याला न दिसणारं कारण त्याला ठाऊक असतं, आणि मूसांसारख्या पैगंबरालाही ते आधी सांगितलं जात नाही. नवस फळला तर खिज्रानं दिलं. नाही फळला तर खिज्राला काही ठाऊक असेल. टीकाकार म्हणेल, ही पळवाट आहे, कारण असं कधीच खोटं ठरू शकत नाही. तर्काच्या दृष्टीनं त्याचं बरोबर आहे. पण मूल गमावलेल्या बाईला हवा असतो तो सिद्धान्त नव्हे, उद्या सकाळी उठण्याइतका आधार. चमत्काराचं काम मागितलेलं मिळालं तेव्हाच होतं, श्रद्धेला ते न मिळालं तेव्हाही काम करावं लागतं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे दोघांमधला मोठा फरक हा आहे.

म्हणूनच मालिनोव्स्कीचा सिद्धान्त एका टप्प्यापुढे अपुरा पडतो. कुवेतला आज प्यायचं पाणी जवळजवळ सगळं समुद्राच्या पाण्यातून येतं, पावसावर शहराचं काही अडत नाही. तरी पाऊस लांबला की धर्मखात्याच्या आवाहनावरून मशिदींमध्ये पावसासाठीची नमाज पढली जाते. पावसाचा अंदाज हवामान खातं देतं, आणि तो वाचून आलेली माणसंही त्या नमाजेला उभी असतात.

मुलांचंही तसंच झालं. १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. दोनच वर्षांत, १९८० मध्ये, कैरोच्या अल-अझहरनं फतवा दिला की बीज पतीचं आणि पत्नीचंच असेल तर या उपचाराला धर्माची हरकत नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या पथकाच्या प्रयत्नांतून भारतातलं असं बाळ जन्माला आलं. आखाती देशांत आणि मुंबईत आज अशी केंद्रं भरलेली असतात. डॉक्टर वयानुसार यशाची टक्केवारी आधी सांगतात, अपयशाची शक्यता सांगतात, जोडपं ते ऐकून सही करतं. त्यातली कितीतरी जोडपी त्या सकाळी नमाज पढून, दर्ग्यावर जाऊन, किंवा देवाला हात जोडून आलेली असतात. पहिला प्रयत्न फसला तर दुसऱ्यासाठी ती पुन्हा तशीच येतात.